अर्धी टाकी

सून कुकर लावते तेव्हा मी ओसरीवरून उठून अंगणात जातो. घरातल्यांना वाटतं, म्हातारा भुकेजला आहे, त्याला दम निघत नाही. खरी गोष्ट अशी की एक शिट्टी मी सोसतो, दुसरीही सोसतो, पण तिसरी झाली की पोटात गोळा उठतो आणि पाय आपोआप दाराकडे वळतात. हिंगोलीच्या जिनाचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा पाळी बदलताना एकदाच वाजायचा, लांबलचक. तीन आखूड वाजले म्हणजे कुठंतरी आग लागली. ते जिन गेलं, भोंगा गेला, त्या भोंग्यावर धावणारी माणसंही गेली. माझं पोट मात्र अजून तिथंच नोकरीला आहे.

आम्ही मूळचे साखऱ्याचे. दादा, म्हणजे माझे वडील, गाडीबैल घेऊन हिंगोलीला आले ते जिनात कापूस वाहायला, आणि हंगामापुरते आलेले तिथंच राहिले. जिनाच्या भिंतीला पाठ लावून सात खोल्या होत्या, त्यातली तिसरी आमची. जिन चालू असलं की फळीवरची भांडी थरथरत आणि माणसं ओरडून बोलत. हंगाम संपून जिन बंद पडलं तरी ओरडून बोलायची खोड जात नसे. माय कानात सांगायची गोष्टसुद्धा अशी सांगे की पाचव्या खोलीतल्या चंपाकाकूनं तिकडून उत्तर द्यावं. कापसाचे तंतू सगळीकडे. भाकरी थापताना माय तोंडाला पदर गुंडाळायची, तरी तव्यावर एखादा तंतू चर्रकन जळायचाच. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर करडईच्या तेलाची धार आणि त्या सगळ्याला किंचित जळक्या कापसाचा वास, हे माझ्या तरुणपणाचं जेवण. उन्हाळ्यात दुपारी आंबील. मायच्या हातची ती गार आंबील प्यायला गोदामातले हमालही काही ना काही निमित्त काढून दाराशी येत.

कापसाची आग ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. कडब्याची गंजी पेटली तर ज्वाळा दिसते, माणूस पळतो तरी. कापसाची आग दाबून बांधलेल्या गठाणीच्या पोटात दोन दोन दिवस गप्प बसून राहते. वरून गठाण गार, दोऱ्या जागच्या जागी, आणि आतून सगळा कोळसा. आम्ही राहायचो त्या भिंतीपलीकडे अशा गठाणी माणसाच्या तिप्पट उंच रचलेल्या. माय झोपण्याआधी रोज भिंतीला तळहात लावून पाही, लेकराचा ताप पाहतात तसा. मी अंथरुणातून तिचा हात भिंतीवरून खाली येईपर्यंत श्वास धरून असे.

एका हंगामात मालकानं जुनी लॉरी आणली. तिच्या पाठीवर लोखंडी टाकी बसवली, टाकीला हातपंप आणि रबरी नळी जोडली, पुढं पितळी घंटा टांगली. सगळं गाव तिला बंब म्हणू लागलं. तहसीलचा हुकूम असा की जिनाच्या बंबानं आसपासच्या वाड्यांवरही जावं. बंब आला तसे तो शिकवायला उस्ताद आले. हैदराबादेकडं त्यांनी कितीतरी ड्रायव्हर तयार केले होते म्हणे. उजवा कान भाजून सुकल्या मिरचीसारखा झालेला, बोलणं कमी, आणि पायात नेहमी चामड्याचे बूट, मग जमीन कितीही तापो. चालवायला कोण शिकणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा मुकादमानं मला पुढं ढकललं. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा, लग्न ठरत आलेलं, आणि जिनातला सगळ्यात चांगला गाडीवान अशी माझी ख्याती होती. ख्याती बैलांमुळं होती, हे मला माहीत होतं. नळी धरायला चार गडी निवडले, त्यात दादा.

मायला हे कळलं त्या दिवशी तिनं आम्हा दोघांना जेवू घातलं आणि भांडी घासून झाल्यावर मला एकट्याला बाहेर बोलावलं.

"तुह्या मांगं तुहा बाप उभा राह्यणार हाय," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच इतका हळू होता. "जसा नेशील तसा आणून दे मला. दुसरं काही मागत न्हाई."

मी बरं म्हणालो. तेव्हापासून त्या गाडीचं नाव काढलं की मला आधी दादांची पाठ दिसायची.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं. जे मिळे ते आगीसाठी राखून ठेवलेलं. मग शिकायचं कसं? उस्तादांनी तोड काढली, ती मी पुढं जन्मभर लोकांना सांगून हसवत आलो. बंबाला पुढून दोर बांधून चार बैल जुंपले. बैल हाकायला दादा, स्टिअरिंगच्या चाकावर मी, शेजारी उस्ताद. जिनाच्या आवारात अशी आमची वरात फिरे. उस्ताद म्हणत डावीकडं, मी चाक डावीकडं फिरवी, पण त्याआधीच दादा बैल वळवून मोकळे झालेले असत. खोल्यांमधल्या बाया दारात उभ्या राहून पाहत. चंपाकाकू माझ्याकडं बोट करून म्हणाली, किसनाची गाडी चांगली हाय, गवत खाते.

हसणं वेगळं आणि शिकणं वेगळं. माझी एक खोड काही केल्या जाईना. गाडी थांबवायची म्हटलं की मी दोन्ही हातांनी चाक छातीकडं ओढायचो आणि तोंडानं "होऽ, होऽ" करायचो. दहाव्या वर्षापासून कासरा ओढून बैल थांबवलेले. हातांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. पाय बापडा ब्रेकच्या शेजारी नुसता बसून राही. उस्तादांनी पहिले आठ दिवस सांगून पाहिलं. मग त्यांनी माझ्या उजव्या पायाला सुतळीची दोरी बांधली आणि तिचं टोक आपल्या हातात ठेवलं. ते "रोक" म्हणायचे आणि दोरी खेचायचे, माझा पाय ब्रेकवर जाऊन आदळायचा. दादा बैलांमागून म्हणाले, बैलाला वेसण आणि पोराला कासरा, चांगलं चालू हाय. घोट्याला वळ उठले, पण महिनाभरानं दोरी सुटली. उस्तादांनी ती गुंडाळून सीटखाली ठेवली, फेकली नाही.

दुसरा धडा पाण्याचा. उस्तादांनी मला एक घागर काठोकाठ भरून कवटाळायला लावली आणि पळत जाऊन एकदम थांब म्हणाले. थांबलो. मग तीच घागर अर्धी करून दिली. पळालो, थांबलो, आणि घागरीतल्या पाण्यानं मला असा हिसका दिला की मी घागरीसकट तोंडावर पडलो. उस्तादांनी मला उठवलं नाही. टाकीपाशी जाऊन बोटांच्या सांध्यांनी तिच्यावर ठोकून दाखवलं. भरली टाकी ठप्प वाजते, रिकामी ठणठणते. टाकी एक तर भरलेली हवी, नाहीतर कोरडी. अर्धी टाकी घेऊन जो निघाला तो आग विझवायला नाही, मरायला निघाला. गाडीत चढण्याआधी प्रत्येकानं टाकी ठोकायची, असा त्यांचा नियम. दादांना हा नियम फार आवडला. गाडीवानालाही माल कुठं किती भरलाय हे हात लावून कळावं लागतं, ते म्हणायचे.

इंजिनावर चालवायला लागल्यापासून मी दोन आगींवर गेलो. दोन्ही किरकोळ. परत आलो की मी टाकीमागं जाऊन ओकायचो, मग तोंड धुऊन घरी जायचो. माय दादांकडं आणि दादांच्या हातापायांकडं पाही, आणि मग वाढायला घेई. उस्ताद म्हणाले होते, अजून एक आग बिनचूक झाली की मालकाला सांगून तुला पक्का करतो, मी माझ्या गावी जातो.

त्या उन्हाळ्यात खोल्यांची विहीर आटली. बाया कोसभर जाऊन पाणी आणत, तेही गढूळ. जिनाचा हौद होता, पण त्याला कुलूप, किल्ली मुकादमाकडं. बंबाची टाकी त्याच हौदातून भरलेली उभी होती, बरोबर आमच्या खोल्यांसमोर, लिंबाखाली. आता विचार करतो तर वाटतं, तहानलेल्या माणसांसमोर भरलेली टाकी उभी करणाऱ्याला काय म्हणावं. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. बंब राखणं माझं काम, एवढंच मला ठाऊक.

त्या दुपारी दादा गोदामात गठाणी हलवत होते, उस्ताद तिथंच उभं राहून गडी कुठं उभे करायचे ते सांगत होते. चंपाकाकू माझ्यापाशी आली. तिची सून सकाळी बाळंत झालेली, लेकराला धुवायला घरात तांब्याभर पाणी नव्हतं. तिनं घागर खाली ठेवली आणि काही न बोलता उभी राहिली. ती बोलली असती तर कदाचित मी नाही म्हणालो असतो. आमच्याकडं पाण्याला नाही म्हणत नाहीत. वैरी दारात आला तरी आधी तांब्या पुढं करायचा, मग भांडायचं. मी नळ सोडला. एक घागर झाली, मग बाळंतिणीसाठी दुसरी. ती नेताना शेजारणीनं पाहिलं. मग एकीला देऊन दुसरीला कसं परतवणार? चौथी पाळी मायची होती. आंबिलीला पाणी नाही, ती म्हणाली, आणि माझ्याकडं न पाहता तिनं घागर नळाखाली धरली. घरोघरचे रांजण भरेपर्यंत बाया खेपा घालत राहिल्या, मी मोजत नव्हतो. संध्याकाळी मुकादम किल्ली घेऊन येईल तेव्हा टाकी गुपचूप भरून काढू, असा माझा हिशेब. शेवटी नळ बंद केला. टाकी ठोकून पाहायची हिंमत झाली नाही.

आणि तासाभरात भोंगा झाला. एक, दोन, तीन.

कयाधू नदीपलीकडच्या वाडीवर धूर दिसत होता. गडी धावत आले, उस्ताद माझ्या शेजारी येऊन बसले, हॅन्डल फिरलं, इंजिन लागलं. मला एवढंच म्हणायचं होतं की उस्ताद, टाकी अर्धी आहे. चार शब्द. ते जिभेवर होते आणि तिथंच वाळले. बोलावं तर नोकरी जाते, बाया बोल खातात, माय त्यात. न बोलावं तर काय होतं ते मी घागरीसकट पडून शिकलो होतो. गडबडीत बाकीच्यांनी टाकी ठोकली नाही. दादांनी ठोकली. मी आरशात पाहिलं. त्यांनी एकदा ठोकली, थांबले, पुन्हा ठोकली, आणि मान वर केली. आरशात आमची नजर मिळाली. मला वाटलं आता ते सांगतील, आणि सांगावं असंही वाटलं. त्यांनी पागोटं डोक्यावर घट्ट बसवलं. एरवी ते बंबाच्या डाव्या बाजूच्या पायफळीवर उभे राहत. त्या दिवशी वळसा घालून उजवीकडं आले, माझ्या खिडकीमागं. मला वाटलं, पोरापाशी उभं राहावं म्हणून आले.

गावाबाहेर निघेपर्यंत ठीक होतं. मी हळू चालवत होतो, उस्ताद घंटा वाजवत होते आणि जोरात घे म्हणून खुणावत होते. मी थोडा जोर वाढवला. पाठीमागं पाणी हलायला लागलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. टाकीत कुणीतरी कूस बदलून राहिलंय असा. मग नदीकडं उतरणारा उतार आला आणि उताराच्या तोंडाशी उजवीकडचं वळण. माझी पाचावर धारण बसली होती. मी चाक फिरवलं आणि टाकीतलं सगळं पाणी एकदम डावीकडं गेलं. गाडी कलली. माझ्या बाजूची चाकं जमिनीवरून उचलली गेली हे मला सीटवरच कळलं. आणि मी काय केलं? दोन्ही हातांनी चाक छातीशी ओढलं आणि "होऽ, होऽ" ओरडलो. महिनाभराची दोरी, घोट्याचे वळ, सगळं वाया. पाय जागचा हलला नाही. गाडी त्या तिरक्या चाकांवर पळत राहिली, पण उलटली नाही. का उलटली नाही ते मला तेव्हा कळलं नाही. मग उचललेली चाकं धाडकन खाली आली, उस्तादांनी हातब्रेक ओढला आणि बंब नदीच्या वाळूत रुतून थांबला.

खिडकीमागं कुणी नव्हतं. दादा वर उतारावर पडले होते, उजव्या पायाच्या पंजावरून मागचं चाक गेलेलं.

मी त्यांच्यापर्यंत कसा पोचलो ते आठवत नाही. ते शुद्धीवर होते. पागोट्यानं पाय आवळत उस्तादांनी गड्यांना बादल्या घेऊन वाडीकडं पिटाळलं. मग ते खाली गेले आणि टाकीवर ठोकलं. उन्हात तो आवाज सगळ्या पात्रात ऐकू गेला. उस्ताद परत वर आले.

"पानी किसने छोडा?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं असेल. नक्की माहीत नाही. आज ऐंशीच्या घरात बसून मला म्हणावंसं वाटतं की मी तोंड उघडलं होतं.

"म्या सोडलं," दादा म्हणाले. "शेजारची सून बाळंत झाली व्हती."

उस्तादांनी दादांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दुपारभर दादा त्यांच्या डोळ्यांसमोर गोदामात होते. मी वाळूकडं पाहत राहिलो. भ्यालेल्या माणसाला लाज वाटायलाही वेळ मिळत नाही; ती मागाहून येते आणि मग जात नाही.

दादांना दवाखान्यात न्यायचं तर टाकी आधी रिकामी करायला हवी होती. उस्तादांनी नळ मोकळा सोडला. पाणी वाळूत पडू लागलं तसं काठावरच्या तांड्यातल्या बाया हंडे घेऊन धावत आल्या आणि थोड्या अंतरावर थबकल्या. उस्ताद म्हणाले, भरो, भरो. त्या भरत होत्या आणि मी पाहत होतो. ज्या पाण्यानं बापाचा पाय घेतला ते असं कुणाच्याही हंड्यात जात होतं, आणि त्यात त्या बायांचा काही दोष नव्हता. टाकी कोरडी झाली, सगळ्यांनी ढकलून बंब वर काढला, दादांना मागं निजवलं. मी उस्तादांच्या जागी, डावीकडं जाऊन बसलो.

"उधर बैठ," त्यांनी चाकाकडं बोट केलं.

मी म्हणालो, माझ्यानं होणार नाही. त्यांनी बोट खाली घेतलं नाही. मग मी सीटखाली हात घालून ती सुतळी काढली आणि त्यांच्यापुढं धरली. उस्ताद, पायाला बांधा, म्हणालो.

"पीछे बाप पडा है," ते म्हणाले. "और रस्सी काय कू?"

तेवढा रस्ता मी चालवला. दर खड्ड्याला मागून दादांचं कण्हणं येई आणि दर वेळी पाय ब्रेकवर जाई, आपणहून. दवाखान्याच्या दारात थांबलो तेव्हा मी चाक ओढलं नव्हतं. डॉक्टरांनी पाय वाचवला, तीन बोटं गेली. वाडीवर दोन गंजी जळाल्या, माणूस-जनावर वाचलं. ते लोकांनी माती टाकून विझवलं, आमच्याशिवायच.

दिवस कलता उस्ताद मायला सांगायला घरी आले. ती दारात बसून होती. मी आणून देणार होतो तो माणूस मी आणून दिला नव्हता. उस्ताद उंबऱ्याबाहेर टेकले. त्यांच्यासाठी आमच्याकडं जर्मनचा वेगळा पेला कोनाड्यात ठेवलेला असे. आज ते लिहितानाही बरं वाटत नाही, पण तसं होतं. त्या दिवशी मायला भान नव्हतं, तिनं घरातल्याच पितळी फुलपात्रात रांजणातलं पाणी दिलं. उस्तादांनी घोट घेतला आणि तो तोंडातच धरला. टाकीच्या पाण्याला गंजाची चव होती, लपून राहणारी नव्हे. मायच्याही ते ध्यानात आलं.

"उस्ताद, त्या पाण्याचं असं हाय," ती बोलायला लागली.

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. फुलपात्र शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि पालथं घातलं. जाताना मला एवढंच म्हणाले की उजाडल्यावर टाकी भरून ठेव, पूर्ण. रांजणातलं ते पाणी पुढं तीन दिवस आम्ही प्यायलो. दुसरं नव्हतंच.

सकाळी मी टाकी काठोकाठ भरून उभा होतो. मालकानं सांगून ठेवलं होतं की झालं ते म्हाताऱ्याच्या चुकीनं झालं, पोरगं ठीक आहे. सगळं सोपं होतं. मी फक्त गप्प राहायचं होतं. उस्ताद आले, टाकी ठोकली. ठप्प. इंजिन फिरवायचं हॅन्डल त्यांच्या हातात होतं. माझ्याकडं न पाहता त्यांनी कालचाच सवाल पुन्हा केला, त्याच शब्दांत. त्या उतारावर मी भ्यालो होतो ते काहीच नव्हतं.

"म्या," मी म्हणालो.

त्यांनी हॅन्डल माझ्या हातात दिलं आणि ते पलीकडच्या बाजूनं चढून बसले.

दादा पुढं वीस वर्षं लंगडत चालले. कधीतरी साखऱ्याला शेतात बसलो असताना मी विचारलं, टाकी अर्धी हाय हे ठोकून कळलं होतं, तर तुमी चढले काहून? ते म्हणाले, गाडी कलली की मानसानं वरच्या अंगाला लटकायचं, मंग उलटत न्हाई. वळण उजवं व्हतं म्हणून उजवीकडं आलो. पाण्याचं वजन पोत्यासारखं एका जागी बसून राहत नाही, एवढं त्या गाडीवानाला ठाऊक नव्हतं; ते परत उसळलं आणि त्यांचा हात सुटला. उरलेल्या जन्मात मी कित्येक पोरांना बंब चालवायला शिकवलं, आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी अर्धी घागर देऊन पळवलं. पण त्या सकाळी उस्तादांपुढं मी काय बोललो ते दादांना कधी सांगितलं नाही. माझ्यासाठी ते जन्मात एकदा खोटं बोलले होते, आणि ते खोटं टिकलं या समाधानात ते गेले.